पांढऱ्या पेशींचा हिशेब

क्लोझापीन हे स्किझोफ्रेनियाचं औषध घेणाऱ्या पेशंटचा सीबीसी आला की मी हिमोग्लोबिनकडे नंतर बघतो. आधी एकूण पांढऱ्या पेशी, मग त्यांत न्यूट्रोफिल किती टक्के, मग दोन्हींचा गुणाकार. एकूण ३,२०० आणि न्यूट्रोफिल ४६ टक्के, म्हणजे १,४७२. डॉक्टरांनी आखून दिलेली रेघ १,५०० ची. आकडा रेघेखाली गेला की रिपोर्ट छापायच्या आधी फोन लावायचा, असं आमचं ठरलेलं आहे.

तसं रावेरात लॅब चालवणाऱ्याचं पोट मानसिक आजारावर भरत नाही. पावसाळ्यात मलेरिया आणि डेंग्यू, बाराही महिने शुगरवाले आणि गरोदर बायांचं हिमोग्लोबिन. केळीला भाव असला की लोक 'फुल बॉडी चेकअप' मागतात, भाव पडला की साधा सीबीसीही उधारीवर. उन्हाळ्यात वादळ होऊन बाग आडवा झाला की छातीत धडधडतं म्हणून माणसं येतात. स्टेशन रोडवरची माझी दोन खोल्यांची लॅब या सगळ्यावर चालते. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा बी.एस्सी., वर डीएमएलटी. रिपोर्टवर सही जळगावच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमची. स्किझोफ्रेनियाशी आपला काही संबंध येईल असं शिकताना डोक्यातही नव्हतं.

तो संबंध जुळला जळगावच्या एका मनोविकारतज्ज्ञांमुळे. ते दर गुरुवारी आमच्या गावात ओळखीच्या दवाखान्यात बसतात. एकदा स्वतःच लॅबमध्ये आले, मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि विचारलं, "स्लाइड बघता, की मशीनने छापलं ते देता?" म्हटलं, बघतो. "मग एक काम करा. एकाला नवीन औषध सुरू करतोय. त्याचं रक्त दर आठवड्याला लागेल, अठरा आठवडे. पुढे पंधरा दिवसांनी, वर्ष झालं की महिन्याला. औषध चालू आहे तोवर." मी विचारलं, "आजार रक्ताचा आहे का?" डॉक्टर हसले. "हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिले नाही," म्हणाले, आणि पेशंट बघायला निघून गेले.

तो पेशंट तिशीतला. तापीकाठच्या गावातलं घर, केळीचा बाग, थोरला भाऊ कर्ता. बारावीच्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. केळीच्या पानांच्या सळसळीतून कुणी नाव घेऊन शिव्या देतंय, घरातले जेवणात काही कालवतायत, अशी त्याची खात्री पटली. घरच्यांनी आपल्या भागात करतात ते सगळं केलं. आधी भगत, मग बुलढाण्याकडचं सैलानी, मग नातलगांनी सांगितलं म्हणून लग्न लावायचा विचार (तो सुदैवाने बारगळला), आणि बऱ्याच वर्षांनी जळगाव. तिथे दोन वेगवेगळी औषधं पुऱ्या डोसात, पुरेसे दिवस देऊन झाली, तरी आवाज हटले नाहीत. असं झालं की क्लोझापीनचा नंबर लागतो.

औषधाची पूर्वपीठिका मला नंतर कळली. स्वित्झर्लंडमध्ये १९५०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झालं, १९७०च्या दशकात युरोपात वापरात आलं. १९७५ साली फिनलंडमध्ये हे औषध घेणाऱ्या काही जणांच्या पांढऱ्या पेशी अचानक तळाला गेल्या आणि साध्या जंतुसंसर्गाने आठ माणसं दगावली. बऱ्याच देशांनी औषध बाजूला ठेवलं. पण त्याच्यासारखा गुण दुसऱ्या कशालाच येईना. १९८८ साली अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर औषधांना न जुमानणारे रुग्ण निवडून तुलना केली. जुन्या क्लोरप्रोमाझीनवर सुधारले ४ टक्के, क्लोझापीनवर ३० टक्के. मग रक्त तपासत राहायच्या अटीवर औषध परत आलं. पेशी धोक्याइतक्या खाली जाण्याचं प्रमाण शंभरात एकाहून कमी आहे. अमेरिकेने तर २०२५ मध्ये औषध देण्यापूर्वी रक्ताच्या रिपोर्टची सक्तीची नोंद करण्याची पद्धतच बंद केली. रक्त तपासायला मात्र अजूनही सांगतात. रावेरात बसून मी जो गुणाकार करतो त्याच्या मुळाशी फिनलंडमधली ती आठ माणसं आहेत, हे कळल्यापासून तो गुणाकार मी मशीनवर सोडलेला नाही.

मशीन वाईट नाही. पण ते पेशी आकारावरून ओळखतं, आणि आकारावर फसतंही. म्हणून जांभळ्या झाकणाची नळी हलक्या हाताने उलटसुलट करायची, काचपट्टीच्या एका कडेला थेंब ठेवायचा, दुसरी काच तिरकी टेकवून एका दमात ओढायची. थेंबाचा शेवटाकडे पातळ होत गेलेला थर मिळतो. तो वाळला की लीशमनचा रंग, पाणी, धुणं, वर तेलाचा थेंब आणि शंभराची लेन्स. तांबड्या पेशींच्या गर्दीत न्यूट्रोफिल लगेच ओळखू येतो: आत जांभळं केंद्रक, तीन-चार गोळ्यांत तुटलेलं, गोळ्या बारीक धाग्याने जोडलेल्या. शंभर पेशी मोजेपर्यंत उजवा हात स्लाइड सरकवतो, डावा काउंटरची बटणं दाबतो. त्या टकटकीत बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा आजार कुठेच दिसत नाही. लिम्फोसाइट तुमच्या-आमच्यासारखेच, मोनोसाइटही तसेच.

१,४७२ च्या दिवशी मी फोन केला, तर डॉक्टरांनी विचारलं, "रक्त सकाळी घेतलं का?" सकाळी सातला घेतलं होतं. "त्याला काही खायला घाला, गावातून चक्कर मारून आणा, दुपारी परत घ्या." दोघं भाऊ रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आले. दुपारी एकूण पेशी ४,१०० आणि न्यूट्रोफिल ५२ टक्के, म्हणजे २,१३२. न्यूट्रोफिलचा आकडा सकाळी कमी असतो, दुपारी चढतो. शिवाय बरेचसे न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. माणूस चालला-फिरला की सुटून प्रवाहात येतात. थोरल्या भावाला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "मंग याले रोज शेतात चालवतो ना भाऊ. दवाई बंद नको करू द्या. दोन म्हयन्यांत हा पयल्यांदा आमच्यासंगं जेवला."

हाच भाऊ दर वेळी पैसे देताना विचारायचा, "याच्या रगतात काही निंघालं का?" 'पेशी ठीक आहेत' हे उत्तर त्याला पुरेसं वाटायचं नाही. त्याला आजार हवा होता, कागदावर, आकड्यात. भगताने बाहेरचं सांगितलं, शेजाऱ्यांनी लाडाने बिघडला म्हटलं, त्यांच्या आईने स्वतःलाच बोल लावला. रिपोर्टात एक ओळ निघाली असती तर या सगळ्यांची तोंडं बंद झाली असती. मी डॉक्टरांना म्हटलं, यांना काय सांगू? डॉक्टरांनी पुढच्या गुरुवारी छापील कागदांचा एक गठ्ठा आणून दिला आणि म्हणाले, "आधी तुम्ही वाचा." इंग्रजी जड, पण पेशींची नावं ओळखीची होती. रात्री लॅब बंद झाल्यावर डिक्शनरी घेऊन बसायचो.

रक्तात मनोविकार शोधायची सुरुवात ज्या टेस्टने झाली तिचा आजचा अवतार माझ्या शेल्फवरच होता: सिफिलिससाठीची व्हीडीआरएल. पहिल्यांदाच मानसिक लक्षणं घेऊन आलेल्या पेशंटला डॉक्टर आजही थायरॉइडबरोबर ती लिहून देतात, आणि ती मला खानापूर्ती वाटायची. पण शंभर वर्षांपूर्वी युरोपातल्या वेड्यांच्या इस्पितळांत भ्रम, बढाया आणि पुढे लकवा असलेले किती तरी रुग्ण होते, आणि त्यांचं कारण कुणी चारित्र्यात शोधायचं, कुणी घराण्यात. १९०६ साली वासरमानची रक्ततपासणी आली. १९१३ साली नोगुची आणि मूर यांनी अशा रुग्णांच्या मेंदूतच सिफिलिसचे जंतू दाखवले. १९१७ साली व्हिएन्नात वाग्नर-याउरेग यांनी या रुग्णांना मुद्दाम मलेरिया टोचला, तापाने आजार हटतो म्हणून, आणि १९२७ चं नोबेल मिळवलं. ज्या मलेरियाच्या स्लाइडा मी पावसाळाभर बघतो तो एके काळी मनोविकाराचा उपचार होता! पुढे पेनिसिलिन आलं आणि इस्पितळांचे ते वॉर्ड रिकामे झाले. म्हणजे वेड्यांच्या यादीतून एक मोठा घोळका रक्ताच्या टेस्टने आधी एकदा बाहेर काढलेला आहे. भाऊ विचारतो ते अगदीच खुळेपणाचं नाही.

स्किझोफ्रेनियाच्या बाबतीत असा एक जंतू काही सापडला नाही. माग मात्र लागत राहिला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत बोस्टनमध्ये कार्ल मेनिंजर यांनी तापानंतर भ्रम झालेले रुग्ण नोंदवले. त्यांतले बरेच पुढे बरे झाले. डेन्मार्कमध्ये प्रत्येक नागरिकाची दवाखान्याची नोंद एका क्रमांकाखाली असते. त्या नोंदींवरून बेनरोस आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये हिशेब मांडला. ज्यांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते, असा एखादा आजार ज्यांना आधी होऊन गेला, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण २९ टक्क्यांनी जास्त. जंतुसंसर्गाने इस्पितळात दाखल व्हावं लागलं असेल तर ६० टक्क्यांनी जास्त. दोन्ही असेल तर सव्वादोन पट. आणि गंमत म्हणजे याच गटातला एक आजार, आमच्याकडे आरए फॅक्टर ज्यासाठी करतात तो आमवात, स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत इतरांपेक्षा कमी आढळतो. हे बऱ्याच दशकांपासून दिसत आलंय आणि त्याचा उलगडा अजून नीट झालेला नाही. सरळ रेषेत काही सांगावं तर असा एक खिळा पायात रुततोच.

त्या गठ्ठ्यातला मला सगळ्यात भिडलेला कागद २०१६ चा. 'नेचर'मध्ये आलेला, हार्वर्ड आणि ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या मंडळींचा. स्किझोफ्रेनियाशी नातं असलेल्या जनुकांच्या जागा शोधायला गेलं की सगळ्यात ठळक खूण सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीच्या जनुकांच्या वस्तीत उमटते, हे आधीच माहीत झालं होतं. या लोकांनी सुमारे पासष्ट हजार माणसांची जनुकं आणि मृत्यूनंतर जतन केलेले मेंदू तपासून त्या वस्तीतलं एक घर नेमकं दाखवलं: सी-४. हे नाव लॅबवाल्याला परकं नाही. ल्युपसच्या पेशंटचं सी-३, सी-४ आम्ही बाहेर पाठवतो. रक्तात शिरलेल्या जंतूवर खूण करायची, म्हणजे भक्षक पेशी त्याला गिळतील, हे या प्रथिनाचं काम. मेंदूत हेच प्रथिन चेतापेशींच्या जोडांवर खूण करतं आणि मायक्रोग्लिया नावाच्या मेंदूतल्या भक्षक पेशी ते जोड खाऊन टाकतात.

खाऊन टाकतात हे ऐकायला भयंकर वाटतं, पण ते व्हावंच लागतं. केळीच्या बुंध्याशी पिलं फुटतात, ती वेळोवेळी कापली नाहीत तर घड पोसत नाही. तसंच लहानपणी मेंदूत गरजेपेक्षा किती तरी जास्त जोड तयार होतात आणि वयात येताना त्यांची छाटणी होते. सी-४ चा एक प्रकार ज्यांच्यात जास्त प्रमाणात तयार होतो त्यांच्यात ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा त्या संशोधनाचा कल. छाटणी जास्त झाल्याने हा आजार होत असावा, असा तर्क अर्विन फाइनबर्ग यांनी १९८२ सालीच केला होता. त्याला आता अवजार सापडलं. मुलगा दहावीपर्यंत हुशार, मग बारावीत किंवा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला बिनसलं, ही माझ्या बाकावर बसणाऱ्या घराघराची कहाणी. आजार नेमका त्याच वयात का उगवतो याचं इतकं पटणारं उत्तर मला दुसरं मिळालेलं नाही. मी त्या रात्री उत्साहात भावाला फोन करणार होतो. मग त्याच कागदातला आकडा पुन्हा वाचला. सी-४ ची सगळ्यात जोखमीची ठेवण असलेल्याचा धोका, सगळ्यात कमी जोखमीच्या ठेवणीपेक्षा, जेमतेम सव्वापट. शंभरात एकाच्या जागी सव्वा. फोन खाली ठेवला.

याच सुमारास सातपुड्याच्या पायथ्याची एक मुलगी आली. कॉलेजात जाणारी. आठवडाभर डोकं दुखणं आणि कणकण, मग झोप उडाली, मग आई-बापावर संशय, किंचाळणं. बापाने आधी गावातच उतारा केला. माझ्याकडे आली तेव्हा तापासाठी म्हणून: मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, सीबीसीत काही नाही. सुई टोचताना तिने हात ओढला नाही, पापणीही लवली नाही. तोंडाची मात्र चघळल्यासारखी सतत हालचाल चाललेली. दवाखान्यात तिला झटका आला. गुरुवार होता म्हणून डॉक्टर गावात होते. त्यांनी तिला बघितलं आणि पंधरा दिवसांत इतकं सगळं, वर झटका, असं म्हणत त्याच दिवशी जळगावला पाठवलं. तिथून ती मुंबईला गेली. पाठीतलं पाणी काढून तपासलं, त्यात एनएमडीए रिसेप्टरवर हल्ला करणारी प्रतिपिंडं निघाली. हा आजार २००७ साली जोसेप दालमाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. तो झालेल्या पुष्कळ तरुण मुलींत अंडाशयात एक गाठ असते, शरीर त्या गाठीविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि ती मेंदूलाही जाऊन भिडतात. हिचीही गाठ निघाली. ती काढली, स्टिरॉइड आणि इतर उपचार झाले. वेळेवर उपचार मिळालेल्यांपैकी दहातले सुमारे आठ जण चांगले सावरतात, ही सावरली. काही महिन्यांनी बापासोबत आली आणि मला म्हणाली, "सर, तुमचं त्या वेळचं रजिस्टर दाखवता?" त्या आठवड्यांतलं तिला काहीएक आठवत नव्हतं. मी पान काढून दिलं. नाव, वय, गाव, मलेरिया निगेटिव्ह. तिने त्या ओळीचा मोबाइलवर फोटो काढला.

तिची बातमी गावोगाव गेली आणि माझी पंचाईत सुरू झाली. 'रगतात सापडतं' म्हणून लोक जुनेजुने पेशंट घेऊन यायला लागले. वीस वर्षं आजारी असलेली आई, चाळिशीतला काका. सगळ्यांना तीच टेस्ट हवी. मुलीचा आजार झपाट्याने आला होता, झटके होते, शरीर ताठरलं होतं. वर्षानुवर्षं हळूहळू मुरलेल्या स्किझोफ्रेनियात ती प्रतिपिंडं सापडणं फार विरळा. हे सांगितलं की लोकांना वाटायचं, पैशाचं बघून टाळतोय.

पैशाचं बघणारेही आलेच. मोठ्या शहरातल्या एका लॅबचा माणूस मेंदूच्या दाहाचं पॅकेज घेऊन आला. सीआरपी, व्हिटॅमिन डी, होमोसिस्टीन, टॉक्सोप्लाझ्माची प्रतिपिंडं, छान रंगीत माहितीपत्रक, आणि माझा कट. माहितीपत्रकात खोटं असं फारसं नव्हतं, तोच धोका. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांचा मोठा गट घेतला तर सरासरी सीआरपी थोडा वर दिसतो, हे खरंच आहे. आजार उसळतो तेव्हा आयएल-६ नावाचं रसायन वाढतं आणि उपचाराने खाली येतं, हेही खरं. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये देबनाथ आणि वेंकटसुब्रमण्यन यांच्या गटाने यावर बरंच काम केलंय. पुण्यात रांजेकर आणि महाडिक यांच्या गटाने औषध सुरू न झालेल्या रुग्णांच्या तांबड्या पेशींतली स्निग्धाम्लं कमी असल्याचं २००३ मध्ये मांडलं होतं. पण माझ्या बाकावर बसलेल्या एकट्या माणसाचा सीआरपी किडलेल्या दाढेनेही वाढतो, बिडीने वाढतो, पोट सुटल्याने वाढतो, चिकनगुनियाने तर किती तरी. तो वाढलेला कागद दाखवून मी काय सांगणार? टॉक्सोप्लाझ्मा तर मांजर पाळणाऱ्या, न पाळणाऱ्या असंख्य धडधाकट लोकांच्या रक्तात सापडतो. आणि समजा दाह आहे असं ठरवलं, तर पुढे द्यायचं काय? दाह कमी करणारं मिनोसायक्लिन आधी आशादायक वाटलं. ब्रिटनमध्ये दोनशेवर रुग्णांवर नीट चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला, फायदा शून्य. आयएल-६ थोपवणाऱ्या महागड्या औषधाचीही छोटी चाचणी झाली, तीही फसली. मी त्या माणसाला चहा पाजला आणि पत्रक परत केलं. हे माझं मोठेपण नाही. उद्या हीच माणसं केळीचा भाव पडला असताना माझ्या दारात उधारीला उभी राहणार असतात, त्यांना कोणत्या तोंडाने भेटू?

समूहाचं सत्य आणि एका माणसाचा रिपोर्ट यांत जे अंतर आहे त्याने मी बरेच दिवस चिडलेलो होतो. डॉक्टरांनी एकदा डॉ. जगन्नाथ वाणींचा विषय काढला. मूळचे आपल्या खानदेशातले, धुळ्याकडचे. कॅनडात कॅलगरीला प्राध्यापक होते. पत्नीला स्किझोफ्रेनिया. त्या अनुभवातून १९९७ साली पुण्यात त्यांनी स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन उभी केली. २००४ चा 'देवराई' सिनेमा घडण्यामागेही ते होते. विषय कुठला शिकवायचे, तर संख्याशास्त्र. शंभरात एक या आकड्याचा अर्थ त्यांच्याइतका कुणाला कळला असेल? आणि तरी त्यांनी पैसा आणि वेळ घातला तो शुभंकरांना, म्हणजे पेशंटची काळजी घेणाऱ्या घरच्या लोकांना, एकत्र बसवण्यात. मला तो माणूस फार शहाणा वाटतो. आकड्याची मर्यादा आकडा शिकवणाऱ्यालाच आधी कळते.

पण माझ्या लॅबमधून प्रतिकारशक्ती आणि हा आजार यांची गाठ एकदा अगदी समोरासमोर पडलेली मी पाहिली, आणि ती कुठल्याही जनुकाच्या कागदापेक्षा उपयोगी ठरली. थंडीचे दिवस. क्लोझापीनवाल्या त्या धाकट्या भावाला खोकला आणि ताप. घरच्यांनी महिन्याच्या रक्ताला आणला, तर तो बाकावर बसल्याबसल्या पेंगत होता, लाळ शर्टावर, बोलणं लडखडतं. रिपोर्ट बघा: एकूण पेशी १६,८०० आणि न्यूट्रोफिल ८४ टक्के. नेहमीच्या हिशेबाने हा आकडा रेघेच्या किती तरी वर, म्हणजे बिनधास्त. पण माणूस तसा दिसत नव्हता. मी फोन केला. डॉक्टरांनी दोनच प्रश्न विचारले. ताप किती दिवस? चार. आणि बिडी? खोकल्यामुळे तीन दिवसांपासून बंद. "औषध आत्ताच्या आत्ता निम्मं करा आणि छातीचा फोटो काढून मला पाठवा," म्हणाले.

यकृतातलं जे एन्झाइम क्लोझापीनचा निचरा करतं त्याला बिडीचा धूर चाळवत असतो, म्हणून बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी अचानक बंद झाली की तोच डोस डोईजड होतो. आणि शरीरात संसर्ग झाला की प्रतिकारशक्तीची तीच रसायनं, आयएल-६ वगैरे, यकृताच्या त्या एन्झाइमला दाबून टाकतात. औषध साचत जातं. दोन्ही एकाच आठवड्यात घडलं होतं. न्यूमोनिया निघाला, अँटिबायोटिक सुरू झालं, ताप उतरला तसा डोस हळूहळू पूर्ववत केला. क्लोझापीन घेणाऱ्यांना न्यूमोनियाचा धोका तसाही जास्त असतो. त्या दिवसापासून क्लोझापीनच्या प्रत्येक पेशंटला मी रक्त घेताना तीन गोष्टी विचारतो: ताप, घसा, बिडी. उत्तर पेन्सिलने नळीच्या लेबलावर. बद्धकोष्ठ विचारायलाही डॉक्टरांनी नंतर सांगितलं. या औषधाने आतडं थंडावतं आणि त्यानेही माणूस जाऊ शकतो. बाया-माणसांसमोर तरण्या पोराला हे विचारणं अवघड जातं, पण विचारतो.

मध्यंतरी थोरल्या भावाने तिढा टाकला. त्याचा मुलगा आता अकरावीला. "याच्यासारखं त्याले होईन का? रगत तपासून ठेवू का?" मी डॉक्टरांना विचारून ठेवलेलं होतं. काकाला आजार असेल तर पुतण्याला होण्याची शक्यता शंभरात तीन-चार. म्हणजे शहाण्णव-सत्त्याण्णवांना होत नाही. आधी कळेल अशी रक्ताची टेस्ट आज नाही, माझ्याकडेही नाही, मुंबईतही नाही. गांजापासून लांब ठेवा, झोपेकडे लक्ष द्या, एकलकोंडा झाला, काहीबाही ऐकू येतंय म्हणाला तर वर्ष घालवू नका, आठवड्यात आणा.

"म्हन्जे तुमच्या लॅबचं याच्यात कामच नाही."

"नाही," मी म्हटलं.

बाकावरून धाकटा बोलला. तो फार बोलत नाही; दर वेळी फक्त आपला आकडा विचारतो आणि मागचे आकडे माझ्या रजिस्टरपेक्षा पक्के सांगतो. "पोराले रातच्या मोटरीवर धाडू नको. माहं तसंच झालं होतं. रातभर पानी भरत होतो, मंग झोपच गेली."

"थ्री फेज रातीच येते या हप्त्यात. मोटर कोन लावीन?"

"मी लावतो."

"तुही गोळी खाल्ली की तुले हलवून उठवा लागते!"

"मंग गडी लाव. पैसे वाचवू नको."

मी रिपोर्ट पुढे केला. धाकट्याने आधी आकडा बघितला, २,६४०, मान डोलावली, कागद घडी करून खिशात घातला. गड्याला रात्रीची किती मजुरी पडते यावरून दोघांची जुंपलेलीच होती. पायऱ्या उतरून मोटरसायकलला किक मारेपर्यंत ऐकू येत होतं.